गाडी क्रमांक दोनशे बाराच्या चालकाचं नाव

ताश्कंद, जुनं शहर,
तांबटांच्या आळीमागे.
खरबुजांचा मोसम, दुसरा आठवडा.

आदरणीय तोश्तेमिर आका यांस,

धाकटा मेहुणा खोलमत गाडीवाला याचा छातीवर हात ठेवून, कमरेत वाकून सलाम.

विनंती विशेष. आपला खोकला कसा आहे? गेल्या हिवाळ्यात आपण खोकलात की अंगणातल्या कोंबड्या दचकून भिंतीवर चढत. त्या अजून चढतात की आता त्यांना सवय झाली? वहिनींचे गुडघे, सासूबाईंचे डोळे, आपल्या मेंढ्या, मेंढ्यांचे खूर, आणि ती वायव्येकडची भिंत जी पडणार पडणार म्हणून मी लग्नात आलो तेव्हापासून ऐकतोय, सर्वांची खुशाली कळवावी. इकडे मी बरा आहे. घोडा माझ्यापेक्षा बरा आहे. आपली बहीण, म्हणजे आमच्या सबोहतची आई, मुलीला घेऊन हवापालटासाठी आपल्याकडे चिमकंदला आली आहे, तिला तिकडची हवा मानवत असेलच. (हवापालटाला निघालेल्या बाईने चार रजया बांधून घेतल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हवा बरीच पालटायची आहे.) आज सव्वादोन महिने झाले. ती परत यावी, एवढंच माझं म्हणणं आहे. हे इतक्या वर लिहायचं नव्हतं, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर सहज लिहायचं होतं, पण लिहून गेलं आणि कागद महाग आहे म्हणून खोडत नाही.

आपण तिला विचारलं असेल की बाई, झालं काय. आणि ती म्हणाली असेल, "त्यांनाच विचारा." तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. तेव्हा आपण विचारायच्या आत मीच सगळं क्रमाने सांगतो. यात माझी चूक कुठे आहे ते आपण वयाने मोठे आहात, आपणच ठरवा. मी बराच शोध घेतला, मला एकाच ठिकाणी सापडली, आणि तीसुद्धा एका शब्दाएवढी आहे.

तुती पिकल्या होत्या तेव्हाची गोष्ट. आमच्या चहाच्या समोवाराचा नळ गळायला लागला. आमच्या तांबटांनी तो तीनदा दुरुस्त केला आणि तिन्ही वेळा तो आधीपेक्षा जास्त उत्साहाने गळू लागला, म्हणून गुरुवारी गाडी जुंपली आणि नव्या शहरातल्या रशियन लोहाराकडे निघालो. मी नेहमीसारखा घोड्यावर, पाय दोन्ही दांड्यांवर. मागे गाडीत सबोहतची आई बुरखा घेऊन, मांडीवर समोवार. (समोवार ती माझ्या हाती देत नाही. घोडा देते, मुलगी देते, समोवार देत नाही.) कालव्यावरचा पूल ओलांडून आम्ही दुतर्फा चिनारांच्या त्या सरळ रस्त्याला लागलो. रशियन येऊन वीस वर्षं झाली, पण रस्ता इतका सरळ कशासाठी लागतो हे अजून आम्हाला कळलेलं नाही. सरळ रस्त्यावर माणूस लांबूनच दिसतो. तसा मी शिपाई प्रोखोरला लांबूनच दिसलो.

प्रोखोर माणूस वाईट नाही. पलटणीत पंचवीस वर्षं काढली, आता चौकात उभा असतो. आमच्याकडून खरबुजं घेतो, त्यांचे पैसे देतो, आणि आमची भाषा सगळी एकवचनात बोलतो, अगदी इमामसाहेबांशीसुद्धा. त्याने हात वर केला, मी घोडा थांबवला. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "गाडीवाला कुठाय?"

मी म्हटलं, "हा काय मी."

"तू घोड्यावर आहेस. घोड्यावर बसतो तो स्वार. मी गाडीवाला विचारतोय."

आता आका, आपण स्वतः तरुणपणी चार वर्षं गाडी हाकलीत. आपले वडील, माझे वडील, त्यांचे वडील, सगळे घोड्यावरच बसले. घोड्यावर बसलं की घोड्याचे कान दिसतात आणि त्याच्या मनात काय आहे ते कळतं. गाडीत बसलं की घोड्याची फक्त मागची बाजू दिसते, आणि मागच्या बाजूला काय विचारणार? हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं. त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. वसंतात नवा नियम झालाय म्हणे: या रस्त्यावरून कुठलीही गाडी, तिच्यावर चालक बसलेला असल्याशिवाय जाता कामा नये, गेल्यास तीस कोपेक. रशियात गाडीवाले गाडीवर बसतात. तिकडे बसत असतील, त्यांचे घोडे वेगळे असतील. आमच्याकडे या नियमाने गावातली एकूण एक गाडी एका सकाळीत बेवारस झाली.

मागून सबोहतची आई म्हणाली, "अहो, द्या ते तीस कोपेक आणि चला. समोवार माझ्या मांडीवर गळतोय."

तेव्हाच दिले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण तोवर तिथे तीन तुतीवाले, एक उंटवाला आणि उंट असे सगळे बघत उभे राहिले होते, आणि चारचौघांत बायकोने "द्या" म्हटल्यावर लगेच देणारा माणूस मी नाही. (घरात आहे. घर वेगळं.) मी म्हटलं, दंड भरणार नाही, अर्ज करीन. प्रोखोर म्हणाला, कर. त्याने माझा गाडीचा क्रमांक लिहून घेतला, दोनशे बारा, आणि मोसम आला की पहिलं खरबूज बाजूला ठेवायला सांगून गेला.

खरं सांगायचं तर बाकीच्या गाडीवाल्यांनी आपापली सोय केली होती. आमचा तुर्दीकुल कापूसवाला गाडीच्या बैठकीवर एक मोठा भोपळा बांधतो आणि भोपळ्याला टोपी घालतो. प्रोखोर लांबून बघतो, चालक बसलेला दिसला की हात खाली घेतो. तुर्दीकुलने मलाही एक भोपळा देऊ केला. पण मी चार वर्षं मकतबात शिकलेला माणूस, मला लिहिता-वाचता येतं, न्याय असताना मी भोपळा का बांधू? आज विचार करतो तेव्हा वाटतं, तो भोपळा चांगला होता.

मग अर्ज. अर्ज लिहायला शिक्क्याचा कागद लागतो, आणि तो कागद दंडाच्या दुपटीहून महाग निघाला. पण मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. सबोहतची आई म्हणाली, प्रश्न समोवाराचा होता. तो अजून गळतच होता, कारण त्या दिवशी रागाच्या भरात मी गाडी लोहाराकडे न नेता तशीच घरी वळवली होती. पुढचे तीन आठवडे आमच्या घरी चहा पिताना एक माणूस समोवाराखाली वाटी धरून बसत असे, आणि तो माणूस कोण हे आपल्याला सांगायला नको.

सुनावणीच्या दिवशी मी नवा झगा घालून कचेरीत गेलो. न्यायाधीश साहेब म्हातारे होते, गाल रुमालाने बांधलेला. दाढ दुखत होती. शेजारी दुभाषा, मिन्नेगली नावाचा तातार, दोन्ही भाषांवर सारखाच नाराज. एक कारकून, दोन शिपाई, शिवाय आपापल्या पाळीची वाट बघणारे दहा-बारा लोक, त्यात आमच्या आळीतला तेलवाला. साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले की हा माणूस स्वतःला गाडीवाला म्हणवतो, तर मग गाडीवर नव्हता म्हणून दंड. मी म्हटलं, मग मला स्वार धरा. तर म्हणाले, स्वाराला त्या रस्त्यावर ओझं ओढत न्यायची बंदी आहे, त्याला साठ कोपेक. मी लगेच पुन्हा गाडीवाला झालो. असा मी पाचसहा वेळा घोड्यावरून गाडीत आणि गाडीतून घोड्यावर गेलो, प्रत्यक्षात मात्र जागचा हललो नाही, आणि तरी दमलो.

शेवटी मिन्नेगलीला दया आली, किंवा जेवायची वेळ झाली होती. तो म्हणाला, "साहेब विचारतात, गाडीवर कुणीच नव्हतं का?"

"होती की. सबोहतची आई."

"ती काय करत होती?"

"बोलत होती."

"काय बोलत होती?"

मी शपथेवर होतो. जे होतं ते सांगितलं: डावीकडे घ्या, चाक चारीत जाईल, त्या गाढवाला आधी जाऊ द्या, उताराला जरा आवरा, पुलावर उजवी बाजू धरा, तुमचं लक्ष कुठाय. मिन्नेगलीने एकेक वाक्य रशियनमध्ये सांगितलं. साहेबांचा हात हळूहळू गालावरून खाली आला. ते कारकुनाकडे बघून काहीतरी म्हणाले. मिन्नेगली म्हणाला, "साहेब म्हणतात, म्हणजे गाडी तीच चालवत होती."

मी म्हटलं, "साहेब, चौदा वर्षं."

दंड रद्द. आका, तेलवाला साक्षीला आहे, कचेरीत लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. सरकारचा कागद मी सरकारच्याच तोंडावर परत केला होता. माझी मान ताठ झाली, आणि पुढचा प्रश्न येईपर्यंत ताठच होती. पुढचा प्रश्न कारकुनाने विचारला. लेखणी दौतीत बुडवून तो म्हणाला, चालकाचं नाव?

आता इथे आपण जरा थांबा आणि स्वतःचाच विचार करा. आपण वहिनींना काय हाक मारता? मी आपल्या घरी इतक्यांदा जेवलो, मला तरी "अगं ऐकलंस का" याखेरीज दुसरं काही आठवत नाही. आपल्यात कोण बायकोचं नाव घेतो? आमची आई होती तोवर तिला सूनबाई म्हणायची, मी काहीच म्हणत नसे, नुसता खाकरत असे. मुलगी झाली तेव्हापासून सबोहतची आई. मी कारकुनाला तेच सांगितलं. मिन्नेगली म्हणाला, "आई हे नाव नव्हे." मी म्हटलं, माझी बायको. तो म्हणाला, "तेही नव्हे." दहा-बारा परके पुरुष कान टवकारून बसलेले, लेखणीच्या टोकाला शाईचा थेंब लोंबतोय, साहेबांचा हात पुन्हा गालाकडे निघालाय. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. (नाव मला ठाऊक नाही असा अर्थ काढू नये. चौदा वर्षांचा संसार आहे. फक्त त्या क्षणी ते जिभेवर आलं नाही.) आणि जिभेवर जे आलं ते आमच्या आळीत दिवसभर मोठ्याने घेतलं जाणारं एकमेव बाईचं नाव. "होसियत, दोन नान दे", "होसियत, करपलेला नको", पहाटेपासून हेच कानावर. मी म्हटलं, "होसियत."

कारकुनाने लिहिलं. साहेबांनी सही केली. थेंब वाळला.

होसियत म्हणजे कोपऱ्यावरची तंदूरवाली. साठीची विधवा, पुढचे दोन दात नाहीत, हातात कायम नान काढायची लांब सळई. बाई नेक, पण तिच्या तोंडाला लागू नये असं सगळी आळी म्हणते.

घरी येऊन मी विजयाची बातमी सांगितली. नावाचं काही बोललो नाही. मला वाटलं, सरकारी कागद आहे, कुठल्यातरी कपाटात जाईल. सबोहतची आई म्हणाली, "बरं झालं. आता लोहाराकडे जायचं का?" त्या दिवशी ती बऱ्यापैकी खूश होती हे मी आवर्जून नोंदवून ठेवतो. मी वाटी धरून बसलो आणि आम्ही दोघांनी हसत चहा घेतला.

तीन दिवसांनी आळीचे कारभारी, अक्साकल मिर्झोहिद आका कचेरीतून एक लखोटा घेऊन आले. चालकाजवळ परवान्याचा पत्र्याचा बिल्ला हवा असाही नियम आहे म्हणे, आणि चालकबाईची परीक्षा साहेबांनी मोठ्या मनाने माफ केली होती. मिर्झोहिद आकांना नव्यानेच चष्मा लागलाय. लखोटा माझ्या हातात देऊन भागलं असतं, पण त्यांनी चहाखान्यासमोर उभं राहून, भर दुपारी, सगळ्यांना ऐकू जाईल असा तो वाचला: खोलमत गाडीवाला याची पत्नी होसियत हिने गाडी क्रमांक दोनशे बारा चालवण्याचा बिल्ला ताब्यात घ्यावा.

चहाखान्यातले पेले जागच्या जागी थांबले. होसियत तंदुराजवळून आली, कोपरापर्यंत पीठ, हातात सळई. तिने लखोट्यातला बिल्ला घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "लग्न ठरवलंत ते आधी कळवायचं तरी. केस धुतले असते." मग तो बिल्ला तिने छातीवर लावला. अजून लावते. प्रोखोर तिला सलाम करतो आणि तिचे नान पूर्वीपेक्षा लवकर संपतात.

त्यानंतर मी कुणाकुणाला काय काय सांगू? तुर्दीकुल आणि मंडळी दुसऱ्या लग्नाचा पुलाव मागायला आली. इमामसाहेब बोलेनासे झाले, कारण निकाह त्यांच्याकडून न लावता परस्पर कुणाकडून लावला असं त्यांना वाटलं. तेलवाल्याने तर शपथेवर सांगितलं की याने स्वतःच्या तोंडाने नाव घेतलं, मी तिथे होतो. साक्षीला तो आहे असं मी मघाशी म्हटलं ते खरंच आहे. तो फक्त नको त्या बाजूने आहे.

हे सगळं सबोहतची आई दाराच्या फटीतून ऐकत होती. मी घरात शिरलो तेव्हा मला वाटलं आता आकाश कोसळणार. काही कोसळलं नाही. आका, चौदा वर्षांत ती पहिल्यांदा गप्प बसली. मला वाटलं नव्हतं की एवढ्याशा घरात एवढी शांतता मावेल. तिने चार रजया बांधल्या, मुलीच्या वेण्या घातल्या, आणि चुलतभावाच्या गाडीने चिमकंदला निघून आली. जाताना दारात एकच वाक्य बोलली, ते इथे लिहिण्याइतकं महत्त्वाचं नाही.

मी लगेच दुसरा अर्ज केला. मिन्नेगलीच्या पुढ्यात कागद ठेवला तर तो म्हणाला, "निकाल तुझ्याच अर्जावर, तुझ्याच बाजूने, तू सांगितलंस तसा लागला. आता चूक कुणाची म्हणायची?" पण साहेबांची दाढ मधल्या काळात उपटली होती आणि ते निराळेच गृहस्थ झाले होते. त्यांनी दुरुस्तीला मंजुरी दिली. म्हणाले, चालकाचं खरं नाव लिहून द्या, खाली बाईच्या वडिलांचा किंवा भावाचा शिक्का, की जुनं खोडून नवं घालू. बाराखडीतली दोन-चार अक्षरं, एवढंच काम आहे.

पण त्यासाठी मी हे पत्र लिहितोय असं मात्र समजू नका. पत्र आपल्या खोकल्याची चौकशी करायला लिहितोय. यंदा खरबुजं अतिशय गोड आहेत. आपण सवड काढून चार दिवस इकडे यावं, येताना ज्यांना यायचं असेल त्यांना बरोबर आणावं. समोवार मी लोहाराकडून दुरुस्त करून आणलाय. आता अजिबात गळत नाही, आणि संध्याकाळी मी सवयीने वाटी घेऊन त्याच्यासमोर बसतो तेव्हा धरायला काही नसतं. घर फार मोठं वाटतं. घोड्यालासुद्धा करमत नाही. मागून कुणी काही सांगत नाही म्हणून तो प्रत्येक वळणावर थांबून मान मागे वळवतो आणि मागच्या गाडीवाल्यांचा ओरडा मला बसतो.

सासूबाईंना सलाम, वहिनींना सलाम, सबोहतच्या कपाळावर माझा हात. माझ्यावर लोभ होता तेवढा नसला तरी निम्मा राहू द्यावा.

आपला,
खोलमत

ता. क. त्या दुरुस्तीच्या कागदाचं मी सहज लिहिलं होतं. तरी आपण लिहायला बसणारच असाल तर वेगळ्या चिठ्ठीवर आपल्या बहिणीचं नाव स्वच्छ अक्षरात लिहून खाली आपला शिक्का उमटवावा. नुसती सरकारी औपचारिकता आहे. नाव पूर्ण लिहावं. अक्षर सुटं सुटं असावं.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आज पुन्हा वाचलं तेव्हा त्यात एक गोष्ट खोटी आढळली. कंसात लिहिलेली. आका, मला तिचं नाव ठाऊक नाही. निकाहाच्या वेळी ती पडद्यामागे होती, मुल्लांना पडसं झालं होतं, आणि मी एकोणीस वर्षांचा, नवे बूट चावत होते म्हणून सगळं लक्ष पायाकडे. नाव एकदाच उच्चारलं गेलं आणि ते मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारायची लाज वाटली, आणि ज्याला दुसऱ्या दिवशी लाज वाटली त्याला चौदाव्या वर्षी किती वाटेल. मुल्ला वारले. आई वारली. आळीतल्या बायकांना कोणत्या तोंडाने विचारू? एकदा धीर करून होसियतला विचारलं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. पण आता तुझी बायको मी, दुसऱ्या बायांची नावं तुला कशाला सांगू?"

आणि जाताना दारात ती जे वाक्य बोलली ते असं: "दुसरीचं नाव भर कचेरीत घेता आलं ना? मग माझंही दाराबाहेर उभं राहून मोठ्याने घ्या. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी येईन." मला वाटतं तिने ओळखलंय की मला ते येत नाही. एवढी वर्षं माझ्या आधी तिने सगळं ओळखलं, हेच कसं राहील? राग तंदूरवालीचा नसणार. चौदा वर्षं हातचं खाल्लं आणि बाईचं नाव विचारलं नाही, राग त्याचा असणार, आणि तो बरोबर आहे. तेव्हा कचेरीला घाला चुलीत. चिठ्ठी मला हवीय. शिक्का नसला तरी चालेल.

ता. क. तिसरा. पत्र टाकायला टपालकचेरीत गेलो. रांगेत माझ्यापुढे सात माणसं होती. तिसरा माणूस पुढे सरकेपर्यंत उभा राहिलो आणि मग बाहेर येऊन गाडी जुंपली. वाटेत अडीच दिवस लागले. सध्या मी आपल्या घरासमोरच्या चहाखान्यात बसलोय. आपण सकाळी मेंढ्यांकडे गेलात तेव्हा मी पेला तोंडासमोर धरला होता, त्याबद्दल क्षमा असावी. आपला खोकला पुष्कळच बरा वाटला.

विचार असा होता की आपण परत आलात की पत्र हातात द्यायचं आणि चिठ्ठीची वाट बघत इथेच बसायचं. पण आत्ताच, हे लिहीत असतानाच, भिंतीपलीकडून सासूबाईंनी हाक मारली. एक नाव घेतलं आणि म्हणाल्या, दूध उतू जातंय. आणि अंगणातून कुणीतरी म्हणालं, "आले, आले, दिसतंय मला." तो आवाज मी कुठेही ओळखीन. म्हणजे ते नाव तिचंच. आपण सगळे तिला बालपणापासून त्याच नावाने हाक मारत असणार, आणि इथे या घरात ते दिवसातून वीस वेळा असंच भिंतीवरून येत असणार, फक्त मी जेवायला बसायचो त्या बाहेरच्या खोलीपर्यंत ते कधी पोहोचलं नाही. फार चांगलं नाव आहे, आका. एवढी वर्षं ते माझ्याच घरात होतं आणि मी नुसता खाकरत राहिलो. मी ते घोड्याच्या कानात अकरा वेळा म्हणून पाहिलं. पहिल्या चार वेळा आवाज फुटला नाही, पण आता बरा निघतोय.

चिठ्ठी लिहायचे कष्ट घेऊ नका. नाव मी या पत्रातही लिहीत नाही, माझ्याकडून ते आधी तिने ऐकावं. आपण मेंढ्यांकडून परत येताना दिसताय, कोपऱ्यावर कुणाशीतरी बोलत उभे आहात. आपण आत गेलात की हे पत्र दाराखालून सरकवतो, वाचून होईपर्यंत थांबतो, आणि मग रस्त्यात उभा राहून हाक मारतो. दार आपण उघडू नका.